खांदेरीचा दिवा, वऱ्हाडचा कापूस

वऱ्हाडातल्या बोरी अरबहून समुद्र गाठायचा म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा. दारव्ह्याहून मूर्तिजापूरला नेणारी शकुंतला रेल्वे आता बंद आहे. त्यामुळे कारंज्यावरून एसटीने मूर्तिजापूर, तिथून रात्रीची मुंबईची गाडी, सकाळी गेटवेहून मांडव्याची लाँच आणि शेवटी अलिबागजवळचा थळचा किनारा. एवढा आटापिटा खांदेरी बेटावरच्या दीपगृहासाठी.

पऱ्हाटीच्या गावच्या माणसाचं दीपगृहाशी काय नातं, असं कुणीही विचारील. नातं 1867 या सालाचं आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 65 या काळात लँकशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला. बंड्यांनी जाणारा माल रेल्वेने जावा म्हणून भुसावळहून लोहमार्ग बडनेऱ्यावरून पुढे सरकला आणि 1867 मध्ये नागपूरला पोहोचला. त्याच वर्षी खांदेरीवर दिवा लागला. मुंबई बंदरात दक्षिणेकडून शिरणाऱ्या गलबतांना इथले खडक चुकवावे लागत. तो दिवा काही एकट्या कापसासाठी लागला नाही, पण आमच्या गाठी भरून नेणारी जहाजं त्याच्याच उजेडात ये-जा करीत, हे खरं.

थळहून होडी निघाली. "दादा, सुकती लागायच्या आत परत फिरायचं," नाखव्याने आधीच बजावलं. डावीउजवीकडे दोन बेटं दिसतात. एक खांदेरी आणि दुसरं उंदेरी. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी यांनी 1679 मध्ये खांदेरीवर तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला आरमाराचा वेढा घातला. तरी तट उभा राहिलाच. मग शेजारच्या उंदेरीवर सिद्दी येऊन बसला. 1718 मध्ये इंग्रजांनी पुन्हा खांदेरीवर हल्ला केला, तोही कान्होजी आंग्र्यांच्या माणसांनी परतवला. ज्या बेटाने इंग्रजांना इतकं छळलं, त्याच बेटावर त्यांनी पुढे आपल्या जहाजांसाठी दिवा लावला. आज त्या दीपगृहाला कान्होजींचंच नाव आहे. हा न्याय मला फार आवडला.

बेटावर उतरताच वेताळाचं देऊळ लागतं. कोळ्यांची त्याच्यावर मोठी श्रद्धा. जवळच एक खडक आहे. त्यावर दगडाने टकटक केली की भांड्यावर मारल्यासारखा आवाज येतो. तटावर चाकांच्या लोखंडी गाड्यांवर तोफा अजून उभ्या आहेत. आणि वर टेकाडावर तो अष्टकोनी मनोरा. आमच्याकडे उंच म्हणजे जिनिंगचं धुराडं. हा तसाच, फक्त धुराऐवजी उजेड सोडणारा. प्रत्येक दीपगृहाच्या उजेडाची उघडझाप ठरलेली असते. ती मोजून खलाशी नकाशाशी ताडतो आणि आपण कुठे आहोत हे ओळखतो. जहाजांवर उपग्रहाची यंत्रं आली तरी हे दिवे विझवलेले नाहीत, कारण यंत्र बिघडू शकतं.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. गर्दी वाढायच्या आत जाऊन या. बेटावर जाण्याच्या परवानगीची चौकशी थळलाच करा, पाणी सोबत घ्या आणि पावसाळा टाळा. तेव्हा मांडव्याची लाँचही बंद असते.