औरेलिया: एक वाट व एक गाडी

वाहनसुखाची गणना आपल्या पूर्वजांनीं घर आणि माता यांच्या जोडीस केली आहे. कुंडलीचें चौथें स्थान पाहून ज्योतिषी या तिहींचें फळ एकदमच सांगतो. घर आणि आई यांचें सख्य सहज समजण्यासारखें आहे. परंतु दाराशीं उभी राहणारी गाडी या थोर संगतींत कशी येऊन बसली, याचें मला मास्तरकीच्या दिवसांत नवल वाटे. ज्याचा सारा जन्म सायकलीवर गेला त्यास तसें वाटावें हें साहजिकच होय. पुढें उत्तर इटलींतील तुरिन शहरीं शरद ऋतूंत तीन महिने राहण्याचा योग आला, आणि तेथें एका वृद्ध गृहस्थांची सत्तर वर्षांची मोटार जवळून पाहिल्यावर या कोड्याचा उलगडा होऊं लागला. तो वाचकांपुढें ठेवतों.

माझा पुतण्या तुरिनमध्यें अभियंता आहे. त्याच्या बिऱ्हाडीं मी उतरलों होतों. शहर मोठें नेटकें. सरळ रेषेंत आंखलेले रस्ते, त्यांच्या कडेनें कमानींचे छायादार पदपथ, पूर्वेस पो नदी व तिच्या पलीकडे टेकड्या, आणि आकाश निवळलें म्हणजे दूरवर आल्प्सचीं हिमशिखरें. १८६१ सालीं इटलीचें एकीकृत राज्य स्थापन झालें तेव्हां त्याची पहिली राजधानी हीच होती. १८६५ सालीं तो मान फ्लॉरेन्सकडे गेला. राजधानी गेली आणि कांहीं वर्षांनीं मोटार आली. १८९९ सालीं येथें फियाट कंपनी निघाली. तिच्या लिंगोत्तो येथील जुन्या कारखान्याच्या गच्चीवर गाड्यांची परीक्षा घेण्यासाठीं बांधलेली धांवपट्टी अद्यापि पाहावयास मिळते. आपल्या मुंबईशीं या शहराचें नातें वाटतें त्याहून निकट आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत जी फियाट तयार होई व जी पुढें पद्मिनी या नांवानें ओळखली गेली, तिचें माहेर हें. २०२३ सालीं त्या काळ्यापिवळ्या टॅक्सींनीं मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला तेव्हां जे हळहळले, त्यांस तुरिन अगदींच परकें वाटूं नये.

परंतु मी सांगणार आहें ती गाडी फियाटची नव्हे, ती लांचाची. विन्चेन्झो लांचा यांनीं एका मित्राच्या भागीदारींत १९०६ सालीं हा कारखाना काढला. त्यांचे एक बंधु जुन्या भाषांचे अभ्यासक होते, व त्यांच्या सूचनेवरून गाड्यांस आल्फा, बीटा अशीं ग्रीक अक्षरांचीं नांवें देण्याचा प्रघात पडला असें सांगतात. त्यांतली १९२२ ची लॅम्डा विशेष गाजली. तोंवर मोटार म्हणजे खालीं सांगाडा व वर ठेवलेली पेटी असे. लॅम्डामध्यें सांगाडा व अंग एकजीव केलें गेलें. विन्चेन्झो १९३७ सालीं वारले. कारभार त्यांच्या पत्नीनें व पुढें पुत्र जान्नी यांनीं संभाळला. मग ग्रीक अक्षरांच्या जागीं रोमन राजमार्ग आले. १९५० सालच्या गाडीस औरेलिया हें नांव मिळालें. आप्पिया, फ्लामिनिया, फ्लाविया, फुल्विया या तिच्या धाकट्या बहिणी. औरेलिया हा रोमहून निघून समुद्राच्या कांठाकांठानें वायव्येकडे जाणारा प्राचीन मार्ग. औरेलियस हें कुळनाम सूर्यावरून आलें असें जुने रोमन लोक मानीत. लॅटिनमधील पहांटेची देवता औरोरा आणि आपल्या वेदांतील उषा या तर एकाच मूळ शब्दाच्या लेकी आहेत, असा भाषाशास्त्रज्ञांचा निर्वाळा आहे. मोटारीच्या नांवाचा माग काढतां काढतां उषा भेटावी, याहून संस्कृतच्या मास्तरास अधिक तें काय हवें?

१९५१ सालीं या औरेलियाचा बी-२० हा दोन दारांचा प्रकार निघाला. त्यास 'ग्रान तुरिस्मो' असें बिरुद होतें. सतराव्या व अठराव्या शतकांत इंग्रज सरदारांचे मुलगे विद्याभ्यासाची सांगता म्हणून आल्प्स ओलांडून इटलींत येत आणि महिनोन् महिने हिंडत. त्या यात्रेस ते 'ग्रँड टूर' म्हणत. तोच शब्द इटालियन पेहराव करून पुढें मोटारीस लागला. शर्यतीची गाडी वेगवान खरी, पण तींत बसणाराची पाठ मोडते; घरगुती गाडी सुखाची, पण ती घाटांत दमते. दिवसभर वेगानें जावें, डोंगर ओलांडावे, आणि उतरतांना अंगावरच्या कपड्यांची घडी मोडलेली नसावी, अशी जी गाडी ती ग्रान तुरिस्मो. बी-२० ही या जातीची आधुनिक आदिमाता, असें पुष्कळ जाणते मानतात. तिच्या इंजिनाचीं सहा नळकांडीं इंग्रजी व्ही या अक्षराच्या आकारांत मांडलेलीं आहेत. असें इंजिन कारखान्यांत नियमानें तयार होऊं लागलें तें जगांत प्रथम औरेलियासाठींच. तें फ्रान्चेस्को दे विर्जिलिओ या अभियंत्याचें कर्तृत्व. गिअरची पेटी पुढें न ठेवतां मागच्या चाकांपाशीं नेली, त्यामुळें गाडीचा भार पुढेंमागें समतोल राहिला. १९५१ च्या मिल्ले मिल्या या हजार मैलांच्या शर्यतींत ही दोन लिटरांची गाडी दुसरी आली. पहिल्या आलेल्या फेरारीचें इंजिन तिच्या दुपटीहून मोठें होतें.

माझ्या पुतण्याच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांकडे ही गाडी आहे. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्य एका छापखान्यांत नोकरी करण्यांत गेलें. वडील डॉक्टर होते व त्यांनीं १९५८ सालीं ही गाडी दुसऱ्याकडून विकत घेतली. इटलींत शाळामास्तरासहि 'प्रोफेस्सोरे' म्हणण्याचा रिवाज असल्यामुळें ते मला त्या पदवीनें हांक मारीत, आणि मी केवळ मॅट्रिक असल्याचें सांगूनहि त्यांनीं ती परत घेतली नाहीं. गाडी १९५३ ची आहे. इंजिन २४५१ घन सेंटिमीटरचें, शक्ति ११८ अश्वांची. नवी असतां ती ताशीं १८५ किलोमीटर धांवे. रंग पावसाळी ढगासारखा करडा. आंत चामडें नाहीं, लोकरीचें कापड आहे. हिवाळ्यांत तें शालीसारखें ऊब देतें. नवलाची गोष्ट अशी कीं, इटलींत रस्त्याच्या उजव्या अंगानें जाण्याची रीत असूनहि हिचें चक्र आपल्या गाड्यांसारखें उजव्या हातास आहे. आल्प्सच्या अरुंद वाटांवर चालकास कडा नीट दिसावा म्हणून लांचानें ही चाल फार दिवस राखली, असें मला सांगण्यांत आलें.

तिच्या सुखाचे प्रकार मीं जवळून पाहिले. थंड सकाळीं चोक ओढून इंजिन चालू केल्यावर ते गृहस्थ लगेच निघत नसत. तेल ऊन होईपर्यंत बसून ऐकत राहत. सहाहि नळकांड्यांचा सूर जुळला म्हणजे त्यांचा चेहरा, तंबोरा लागल्यावर गवयाचा होतो तसा, निवांत होई. दार लावतांना आपटावें लागत नाहीं. नुसतें लोटलें कीं जुन्या सागवानी कपाटासारखें तें आपल्या जागीं बसतें. या सुखाचें मोलहि आहे. उन्हाळ्यांत ती तापते. ब्रेक आजच्या गाड्यांसारखे तत्पर नाहींत, म्हणून दूरची नजर ठेवावी लागते. सुटे भाग महागाचे, आणि ते शोधण्यांत महिने जातात. वर्षाकांठीं तिच्यावर जितकें तेल, वंगण आणि कष्ट खर्च होतात तितक्यांत दुसरी एखादी लहान गाडी सहज पोसली जाईल.

मला सर्वांत मोलाची वाटली ती एक वही. १९५८ पासून झालेली प्रत्येक दुरुस्ती तींत लिहिलेली आहे. आरंभीं वडिलांच्या हातची, नंतर यांच्या हातची. एके ठिकाणीं इंजिनाचें तेल बदलल्याच्या नोंदीखालीं 'पहिला मुलगा झाला' असें लिहिलें आहे. पत्नीस रात्रीं इस्पितळांत याच गाडीनें नेलें होतें. दुसऱ्या एका पानावर टायरांच्या हिशेबाशेजारीं आईच्या मृत्यूचा दिवस आहे. तें पान त्यांनीं मला दाखविलें, तेव्हां घर, माता आणि वाहन हीं एका स्थानीं बसविणाऱ्या ज्योतिष्याची आठवण मला झाली.

ऑक्टोबरांतील एका रविवारीं त्यांनीं मला समुद्रावर नेलें. बरोबर त्यांची चोवीस वर्षांची नात होती. तिच्या इंग्रजीच्या पुलावरूनच आमचें बोलणें ये-जा करी. तुरिनहून आल्बा गांवीं आलों, आणि तेथून लांगे नांवाच्या टेकड्यांत शिरलों. द्राक्षमळ्यांच्या ओळी उतारांवर विंचरल्यासारख्या बसलेल्या, मधून हेझलनट नांवाच्या फळांच्या बागा, आणि प्रत्येक माथ्यावर एक गांव. २०१४ सालीं युनेस्कोनें या मुलखास जागतिक वारशाचा मान दिला. वळणामागून वळण येत होतें, पण गाडी कोठें डगमगली नाहीं. कोर्तेमिलियावरून आम्ही कादिबोनाच्या खिंडींत पोंचलों. आल्प्स येथें संपतात व अपेनाइन पर्वत सुरू होतो, असा भूगोलाचा संकेत आहे. १७९६ सालीं नेपोलियननें आपली मोंतेनोत्तेची लढाई जिंकली ती येथून जवळच.

खिंडींत आजोबांनीं गाडी थांबविली, किल्ली काढली व नातीच्या हातीं दिली. तिनें ही गाडी शहराबाहेर प्रथमच घेतली होती. मी मागच्या लहान आसनावर सरकलों. सावोनापर्यंतच्या उतारावर आजोबा एक शब्दहि बोलले नाहींत. फक्त गिअर बदलण्याची वेळ आली कीं त्यांचा हात मांडीवर आपोआप हले. मुलगीहि ब्रेकवर भार न टाकतां गिअरच्या आधारानें गाडी उतरवीत होती. खालीं निळा समुद्र दिसूं लागला, आणि सावोनाला आमची औरेलिया आपल्या नांवाच्या राजमार्गास लागली. पुढें नोलीच्या भूशिराशीं हा रस्ता कडा फोडून काढलेला आहे. एका हातास खडक, दुसऱ्या हातास समुद्र.

नोली गांवीं जेवतांना त्यांनीं मनांतलें शल्य सांगितलें. त्यांची दृष्टि मंदावत चालली होती, आणि वसंत ऋतूंत परवान्याचें नूतनीकरण होईल याचा भरंवसा नव्हता. थोरला मुलगा मिलानला असतो. गाडी विकावी व पैसा दोघां भावांत सारखा वांटावा, असें त्याचें म्हणणें. तें अन्यायाचें नव्हतें, कारण तुरिनमध्यें लहानशी जागा घेतां येईल एवढी तिची किंमत, आणि त्याच्या डोक्यावर कर्ज. धाकटा, म्हणजे या मुलीचा बाप, विकूं नये म्हणतो. पण भावाचा वांटा देण्याची त्याची ऐपत नाहीं. दोघे भाऊ वर्षभर एकमेकांशीं बोलले नव्हते. "प्रोफेस्सोरे, तुमच्याकडे एकत्र कुटुंबें असतात. अशी वस्तु तुम्ही कशी वांटतां?"

मीं सांगितलें कीं, मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत विभागास अयोग्य वस्तूंची यादी आहे. तींत वस्त्र, अलंकार, शिजलेलें अन्न, पाणी यांबरोबर 'पत्र' हा शब्द येतो, व त्याचा अर्थ टीकाकार वाहन असा करतात. हें ऐकून आजोबा आनंदले. परंतु अर्धेंच शास्त्र सांगणें मला प्रशस्त वाटेना. म्हणून पुढें सांगितलें कीं, बृहस्पतीनें या मतास हरकत घेतली आहे. एखाद्याचें सारें धन वस्त्रालंकारांतच असेल तर काय करावें, असें तो विचारतो. म्हणून वस्त्रालंकार विकून पैसा वांटावा आणि विहिरीचें पाणी ज्यानें त्यानें गरजेप्रमाणें काढावें, असा मार्ग तो दाखवितो. "म्हणजे तुमच्या ऋषींचेंहि माझ्या मुलांसारखेंच!" असें म्हणून ते हंसले. मुलगी मात्र हंसली नाहीं. विहिरीचा भाग तिनें मला पुन्हां एकदां सांगावयास लावला.

मी परत निघण्यापूर्वीं दोघे भाऊ त्या घरीं एकत्र बसले. बोलणें सोपें झालें नाहीं. दोनदां आवाज चढल्याचें आमच्या मजल्यावर ऐकूं आलें. अखेर ठरलें तें असें: गाडीची किंमत जाणत्याकडून करून घ्यावी, नातीनें आपल्या पगारांतून काकाचा वांटा दहा वर्षांत हप्त्यांनीं फेडावा, आणि दर उन्हाळ्यांत आठ दिवस गाडी मिलानला जावी. शेवटची अट थोरल्याची स्वतःची होती. किंमतीवर अडून बसलेल्या माणसानें आठ दिवस मागून घेतले, याचें घरांतल्या सर्वांस आश्चर्य वाटलें. मला वाटलें नाहीं, कारण वहींतील ती जन्माची नोंद त्याचीच होती.

लांचा घराण्यास स्वतःचा कारखाना असा राखतां आला नाहीं. शर्यतींचा खर्च डोईजड होऊन १९५० नंतरच्या दशकांतच तो त्यांच्या हातून गेला, आणि १९६९ सालीं फियाटनें घेतला. त्यांनीं घडविलेल्या गाड्या मात्र ज्यांनीं वेळेवर तेल घातलें त्यांच्या दारीं अजून चालतात. आपल्या घरांतहि वांटणीच्या वेळीं एखादा झोंपाळा, एखादी सतार, एखादें जुनें घड्याळ निघतें, आणि तें कोणाचें यावरून भाऊ भाऊ दुरावतात. अशा वेळीं घरांतल्या वडील माणसानें एवढेंच विचारावें कीं, उद्यां सकाळीं हें पुसणार कोण? जो उत्तर देईल त्याच्याकडे वस्तु राहूं द्यावी, आणि इतरांचा पैसा व इतरांचे आठ दिवस बुडूं देऊं नयेत.

पुतण्याचें पत्र आलें आहे. त्या वहींत आतां तिसऱ्या हाताचें अक्षर सुरू झालें आहे, आणि तें पहिल्या दोहोंपेक्षां सुवाच्य आहे.