बेंगळुरू ते सॅन फ्रान्सिस्को : हरवलेल्या रविवारची गोष्ट

शनिवारी रात्री साडेआठला निघालेले विमान सोमवारी पहाटे तीनच्या सुमारास उतरले. मग मधला रविवार गेला कुठे? सतरा तास विमानात गेले आणि साडेतेरा तास घड्याळाने खाल्ले!

९ जानेवारी २०२१ची ही गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला थेट येणारे एअर इंडियाचे ते पहिलेच प्रवासी विमान. कॅप्टन झोया अग्रवाल, पापागरी तन्मई, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास या चार महिला वैमानिकांनी ते उत्तर ध्रुवावरून आणले. ध्रुवाजवळ साधे होकायंत्र भरवशाचे राहत नाही आणि बाहेरच्या थंडीमुळे टाकीतल्या इंधनाच्या तापमानावरही नजर ठेवावी लागते.

पण ध्रुवावरून जायचेच कशाला? घरातल्या मुलांचा पृथ्वीगोल घ्या आणि बेंगळुरू ते सॅन फ्रान्सिस्को असा दोरा ताणून धरा. तो समुद्रावरून आडवा न जाता चीन, सैबेरिया, अलास्का अशी उत्तरेकडे कमान घेतो. हेच सर्वांत जवळचे अंतर : सुमारे १४,००० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्ली हवाई अंतराच्या बारापट! प्रत्यक्षात वैमानिक दोऱ्याबरोबर वाऱ्याचाही हिशेब करतात. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ते समोरून आले, तर जवळची वाटही लांबची ठरते. म्हणून वारे टाळणारी वाट कागदावर लांब असली, तरी परवडते.

परतीची गंमत उलटी. ११ जानेवारीच्या वेळापत्रकानुसार बेंगळुरूहून दुपारी अडीचला सुटणारे विमान त्याच दिवशी संध्याकाळी पाचला तिकडे पोहोचणार होते. घड्याळात अडीच तास, अंगावर मात्र सोळा!

हा हिशेब खरा कळतो तो आजी-आजोबांना. मुलगी बाळंतपणासाठी वाट पाहत असते. डिंकाचे लाडू, बाळंतविडा, अंगाईच्या वेळी लागणारी दुपटी, सारे बॅगेत बसते. पण परक्या विमानतळावर विमान बदलण्याची धास्ती कुठे ठेवायची? एकदा बसले की थेट लेकीच्या गावी, या एका सोयीने कित्येकांचे ‘पुढच्या वर्षी पाहू’ संपते. मात्र वेळापत्रके बदलतात, थेट विमान कधी असते, कधी नसते. तिकिटापूर्वी चौकशी करावी हे बरे.

काही गोष्टी आधीच ध्यानात ठेवाव्यात. २००८ साली सुरू झालेला बेंगळुरूचा नवा विमानतळ शहराबाहेर देवनहळ्ळीला आहे, तेव्हा रस्त्यावरच्या गर्दीसाठी जास्तीचा वेळ हाताशी ठेवावा. औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच असावी. मधूनमधून उठून चार पावले चालावे, पाणी पीत राहावे. पायांना सूज येत असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना आधी विचारावे. पोहोचल्यावर दोन-चार दिवस अवेळी झोप आली, तर घाबरू नये.

आणि फोनचे गणित? हिवाळ्यात बेंगळुरूला सकाळचे साडेआठ वाजले, की तिथे आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे सात. इकडे आजीचा चहा, तिकडे नातवाचे जेवण. चौदा हजार किलोमीटरच्या दोन टोकांना रोज जमणारी ही वेळ घराघराने शोधून काढलेली असते.