सीझनची बियर आणि आमचा सीझन

आधीच सांगून टाकतो. ही पोस्ट बियर प्या म्हणून लिहिलेली नाही, आणि पिऊ नका म्हणूनही नाही. ज्यांना शीर्षक वाचूनच कॉमेंट करायची आहे त्यांनी जरा दम धरा. शेवटपर्यंत वाचा, मग काय बोलायचं ते बोला.

मागच्या मे महिन्यात भाच्याच्या वास्तुशांतीला पुण्याला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाचा म्हणाला, "मामा, चला, तुम्हाला एक जागा दाखवतो. लिहायला मिळेल काहीतरी." बाणेरच्या बाजूला एका मायक्रोब्रुअरीत घेऊन गेला. काचेच्या पलीकडे स्टीलच्या मोठाल्या टाक्या, पाईप, मीटर. मला तर क्षणभर दूध डेअरीतच आल्यासारखं वाटलं. तिथेच बियर बनते, तिथेच नळाने ग्लासात येते.

भिंतीवर काळा फळा होता. वर खडूने लिहिलेलं 'सीझनल'. खाली आंब्याची बियर, कोकमाची बियर, आणि जांभळाची 'लवकरच'. मला हसू आलं. भाच्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, आमच्याकडे सीझन एकच, कारखान्याचा.

सोनईत 'सीझन सुरू झाला' म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटतो, मोळी पडते, बीड-पाथर्डीकडून टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात. रात्रभर रस्त्याला बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. मार्च-एप्रिलात पट्टा पडला की सीझन संपला. तोपर्यंत गावाचं उधार-उसनं, लग्नाच्या तारखा, सगळं त्या सीझनवर.

टेबलावर माहिती सांगायला एक पोरगा आला. नगर जिल्ह्यातलाच निघाला, त्यामुळे मोकळा बोलला. चार लहान ग्लास ठेवले, एकेकात दोन-तीन घोट. आणि सांगायला लागला. बियरमध्ये मूळ गोष्टी चारच. पाणी, मोड आणून वाळवलेलं सातू म्हणजे बार्ली, हॉप्स नावाची कडवट फुलं, आणि यीस्ट. बाकी सगळी करामत. गव्हाच्या बियरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येत होता. मी विचारलं, केळं घातलंय का? नाही म्हणे, तो वास यीस्टच तयार करतं. दुसऱ्या ग्लासात धने आणि संत्र्याची साल होती. बेल्जियमची जुनी पद्धत. धने! मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

सीझन हे काही जाहिरातवाल्यांचं खूळ नाही, हेही तिथेच कळलं. नंतर घरी येऊन वाचलं. जर्मनीतल्या बव्हेरियात १५५३ च्या हुकुमाने उन्हाळ्यात बियर गाळायला बंदी होती, कारण उकाड्यात ती नासायची. म्हणून मार्चपर्यंत बनवून थंड तळघरात ठेवायची आणि उन्हाळा सरेपर्यंत पुरवायची. आणि बेल्जियमच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागात एक बियर आहे, तिचं नावच 'सेझाँ', म्हणजे हंगाम. शेतकरी ती हिवाळ्यात बनवून ठेवायचे आणि उन्हाळ्यात हंगामाला येणाऱ्या मजुरांना द्यायचे, असं सांगतात. वाचलं आणि डोळ्यासमोर आमच्या ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. त्या हंगामी मजुराच्या नावाने आज जगभर महागडी बियर विकली जाते. आमच्या कोयत्याच्या नावाने काय विकलं जातं? उचल आणि अंगावरची बाकी.

पुण्यात हे लोण आणणाऱ्यांत 'डूलाली'चं नाव पहिलं घेतात. २००९ साली सुरू झाली. नावाची गंमत सांगतो. ते नाव आपल्या देवळालीवरून आलंय. राहुरीजवळची देवळाली प्रवरा नाही हं, नाशिकचा देवळाली कॅम्प. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोल्जर तिथे महिनोन्‌महिने पडून राहायचे. उकाडा, कंटाळा आणि ताप यांनी डोकं फिरायचं. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणायचे. त्यातला टॅप म्हणजे आपला तापच. म्हणजे आपल्याच गावाचं नाव साहेबाच्या तोंडून फिरून पुण्यात ग्लासावर आलं.

तर मुद्दा खाण्याचा. त्या मेनूकार्डावर प्रत्येक बियरपुढे लिहिलं होतं की ही कशाबरोबर घ्यायची. काळी, भाजक्या बार्लीची बियर मटणाबरोबर किंवा चॉकलेटबरोबर. धन्याची बियर माशाबरोबर. एका पदार्थात ठेचा होता, म्हणून मी मुद्दाम विचारलं. पोरगा म्हणाला, "सर, कडवट बियर ठेच्याबरोबर घेऊ नका, तिखट अजून चढतं. गव्हाची घ्या." मी दोन्ही करून बघितलं. खरंच राव, कडवट बियरने ठेचा कानातून निघाला.

आता जोडी लावणं आपल्याला नवीन आहे का? थंडीत बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी. हुरड्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, वर दही. आखाडात तळण. कोणत्या दिवसात काय, आणि कशाबरोबर काय, हे आमच्या आयांना कोणी मेनूकार्डावर लिहून दिलं नव्हतं. एवढं सगळं ज्या घरात आहे, त्या घरातला माणूस पितो कसा?

रस्त्याकडेला पत्र्याच्या आडोशाला, उभ्याउभ्या. सोबत दहा रुपयांचं फरसाण, तेही असलं तर. पोटात काही नसताना, कोणी बघायच्या आत, पाच मिनिटांत क्वार्टर रिकामी. रिकाम्या पोटी दारू रक्तात लवकर उतरते, हे डॉक्टरने सांगायची गरज नाही. बियर मागितली तरी स्ट्राँगच मागतात, आठ टक्केवाली. कारण चव कोणाला घ्यायचीय? लवकर चढली पाहिजे. त्या पुण्याच्या ग्लासात साधारण पाच टक्के होतं आणि लोक एकेका ग्लासावर तास तास गप्पा मारत होते. बायका होत्या, एका टेबलावर तर आजी-आजोबा नातवाबरोबर जेवत होते.

हे बघून मला बरं वाटलं असं म्हणणार नाही. मला माझा मित्र आठवला.

नाव लिहीत नाही, सोनईतल्या बऱ्याच जणांना कळेलच. पहिलीपासून दहावीपर्यंत एका बाकावर. चांगला शेतकरी, कांद्याची वखार होती, हाताला यश होतं. दिवसा कधी घेतली नाही. संध्याकाळी मात्र घरी जायच्या आधी 'थांबायचा'. सहा वर्षांपूर्वी एका रात्री असाच थांबला आणि मोटारसायकलवर निघाला. रस्त्यात बंद पडलेला ट्रक उभा होता, मागे ना दिवा, ना दगड, ना फांदी. पुढचं काय सांगू. बातमी मीच दिली. चार ओळींची. 'दुचाकीस्वार ठार'. त्यानंतर मी दारू सोडली. पुण्यात त्या दिवशी सहा वर्षांनी पहिल्यांदा ओठाला ग्लास लावला, आणि हे लपवून ही पोस्ट लिहिणं बरोबर झालं नसतं.

त्या पोराला मी अजून काही विचारलं. बार्ली कुठली? राजस्थानची. हॉप्स? जर्मनी, अमेरिका. आंबा? "कोकणातला, सर." कोणाच्या बागेतला? "पल्प येतो, सर." फळ्यावर 'लोकल' असं ठळक लिहिलेलं, पण त्या लोकल माणसाचं नाव फळ्यावर नव्हतं. त्यात पोराची काही चूक नाही. पण म्हटलं, इथेच आपला विषय सुरू होतो.

आफ्रिकेत ज्वारीची बियर पिढ्यान्‌पिढ्या घरोघर होते. नायजेरियाने १९८८ साली बार्लीच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांना ज्वारीकडे वळावं लागलं. आणि बियर झाली, विकली गेली. आपल्यापासून तासाभरावर राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. फुले वसुधा, फुले रेवती हे रब्बी ज्वारीचे वाण तिथलेच. डाळिंबाचा भगवा तिथलाच. राहात्याचा पेरू जवळ. पुण्याचे कारागीर दर हंगामाला नवीन फळ शोधत असतात. उद्या ते आपल्याकडे आले, तर नुसता माल देऊ नका. भाव लिहून घ्या आणि फळ्यावर गावाचं नाव टाकायला लावा. मला माहीत आहे, धान्यापासून मद्य या धोरणावरून महाराष्ट्रात किती वाद झाला. तो वाद चुकीचा नव्हता. पण मद्य होणारच असेल आणि त्यावर 'स्थानिक' असा शिक्का बसणार असेल, तर स्थानिक शेतकरी फक्त पल्पच्या डब्यात का?

आणि पाणी. आपण मुळेच्या लाभक्षेत्रातले लोक. वरून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की आपल्याकडच्या प्रत्येक आंदोलनात एक वाक्य हमखास असतं, 'आमचं पाणी बियरच्या कारखान्यांना'. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली होती. एक लिटर बियरला कारखान्यात चार-पाच लिटर पाणी सहज लागतं. लहान ठिकाणी त्याहून जास्त. तेव्हा गावाचा सहभाग म्हणजे क्विझ नाईट आणि गिटार नव्हे. कुठलं पाणी, किती पाणी, चोथा कुठे जातो, हे विचारता येणं म्हणजे सहभाग. चोथ्याचं सांगतो, तो गाईंना चांगला, प्रोटीन भरपूर असतं. पण ओला असतो, दोन-चार दिवसांत खराब होतो. दूधवाल्यांनी लक्षात ठेवावं.

परत आल्यावर मित्राच्या घरी वास्तुशांतीचा प्रसाद द्यायला गेलो. वहिनी आता एकटीच शेती बघतात. बोलता बोलता पुण्याचं सगळं सांगितलं. आजी-आजोबांचं सांगितलं तेव्हा हसल्या. धन्याच्या बियरलाही हसल्या. मग एकदम विचारलं, "बंद किती वाजता होतं ते?"

म्हटलं, वेळ झाली की टेबलावर येऊन शेवटची ऑर्डर म्हणून सांगून जातात.

"आन्‌ एखाद्याला जास्त झाली तर?"

म्हटलं, मग देत नाहीत. शेजारच्या टेबलावर तसंच झालं. त्या पोराला गाडीची चावी काढून ठेवायला लावली आणि टॅक्सी बोलावून दिली.

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. प्रसादाचा द्रोण हातात तसाच होता. मग म्हणाल्या, "भाऊजी, तेवढं हितं करायला काय लागतं?"

मला उत्तर देता आलं नाही. चोवीस वर्षं बातम्या देतोय, हा प्रश्न मी कोणाला विचारला नव्हता.

आपल्या जिल्ह्याला दारूबंदीची चळवळ नवीन नाही. राळेगणसिद्धी आपल्याच जिल्ह्यात. जानेवारी २०२२ मध्ये सुपर मार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला, तेव्हा अण्णांनी विरोध तिथूनच केला. कायद्याने बायकांच्या हातात आडवी बाटलीही आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. मोठा अधिकार आहे, आणि ज्या गावांनी वापरला त्यांना माझा नमस्कार आहे. पण त्या मतपत्रिकेवर चित्रं दोनच. उभी बाटली आणि आडवी बाटली. बाटली उभी राहिली तर ती कशी उभी राहील, याचं चित्रच नाही. बहुतेक गावांत ती उभीच आहे.

कोणी म्हणेल, पुण्याची गोष्ट वेगळी, पैसेवाल्यांचं कौतुक आहे. बरोबर आहे. बिल मी बघितलं. एका मोठ्या ग्लासाला आमच्याकडच्या बाईची दिवसभराची खुरपणी गेली. त्यांची आंब्याची बियर सोनईत आली पाहिजे असं मी म्हणतच नाही. नाही आली तर बरंच. पण बसायला जागा, आधी जेवण, बंद व्हायची वेळ, जास्त झालेल्याला नकार आणि घरी जायची सोय, यांना पैसे लागत नाहीत फार. विचारणारं कोणीतरी लागतं. तिथे गिऱ्हाईक विचारतं, कारण त्याला पिण्याची लाज वाटत नाही. इथे पिणारा तोंड लपवतो, घरचे तोंड लपवतात आणि विकणारा निवांत असतो.

म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी एक विषय लेखी देणार आहे. हद्दीतल्या प्रत्येक परवानाधारकाने बंद करायची वेळ आणि मालकाचं नाव दारावर मोठ्या अक्षरात लिहावं, जेवणाची सोय ठेवावी, आणि पिऊन गाडीवर बसणाऱ्याची चावी काढून घेऊन त्याच्या घरी फोन करावा. ग्रामसभेला एवढा अधिकार आहे का, असं विचारणारे येतील. ठराव करून उत्पादन शुल्क खात्याकडे पाठवायचा अधिकार नक्की आहे. बाकीचं बघू.

वहिनी येते म्हणाल्यात. सूचक म्हणून त्यांचीच सही आहे. अनुमोदनाची जागा मोकळी ठेवलीय. सोनईकरांनो, ज्याला सही करायची आहे त्याने इनबॉक्समध्ये नको, ग्रामसभेत येऊन करावी.