आतली केबिन

संक्रांतीच्या सुमाराला टोरांटोकडच्या मराठी घरांत अलास्काच्या क्रूझचा विषय हमखास निघतो. उन्हाळ्यात भारतातून आई-वडील यायचे असतात, त्यांना काहीतरी मोठं दाखवावं असं प्रत्येकालाच वाटतं, आणि क्रूझच्या बुकिंगला जोर असतो तोही जानेवारी ते मार्चच. मग कुणीतरी विचारतं, बिनखिडकीची आतली केबिन घेतली तर चालेल का? या प्रश्नाला मी पटकन हो किंवा नाही म्हणत नाही. २०१९च्या जूनमध्ये मी त्याचं उत्तर चुकीचं दिलं होतं आणि त्याची किंमत माझ्या आईने मोजली.

त्या वर्षी आई-बाबा सुपर व्हिसावर, म्हणजे कॅनडाच्या आई-वडिलांसाठीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, आमच्याकडे टोरांटोजवळ मिसिसागाला आले होते. अमेरिकेचा व्हिसा बहिणीमुळे त्यांच्या पासपोर्टवर आधीच होता. तो नसता तर बेतच झाला नसता, कारण जहाज व्हँकुव्हरहून निघत असलं तरी सगळे थांबे अलास्कात, म्हणजे अमेरिकेत. अमेरिकेचा १८८६चा एक कायदा परदेशी नोंदणीच्या जहाजांना केवळ अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी वाहतूक करू देत नाही. म्हणून ही जहाजं कॅनडातून निघतात किंवा वाटेत कॅनडाच्या एखाद्या बंदराला लागतात.

केबिन निवडायला मी आकडे मांडून बसलो. सगळ्यात स्वस्त आतली, मग खिडकीची, मग बाल्कनीची. आम्ही नवरा-बायको आणि दोन लहान मुलं एका खोलीत, आई-बाबा दुसऱ्या खोलीत. मुलांना समुद्र दिसावा म्हणून आमची खोली खिडकीची घेतली. आई-बाबांसाठी आतली. दिवसभर डेकवरच असणार, खोलीत फक्त पाठ टेकायला जायचं, आणि म्हाताऱ्या माणसांना अंधार असला तर झोपही चांगली लागेल, असं मी धरून चाललो. त्यातही ‘गॅरंटी’ भाडं निवडलं. त्यात खोलीचा प्रकार पक्का असतो, पण ती जहाजात नेमकी कुठे, हे कंपनी नंतर ठरवते. वाचलेले पैसे वाटेतल्या स्कॅग्वे बंदरावरच्या रेल्वेसफरीला लावले. आई-बाबांना मी एका शब्दाने विचारलं नाही. सगळं ठरल्यावर तिकिटं दाखवली आणि त्यांनी कौतुकाने पाहिली.

आईचं माहेर जयगडचं. लहानपणी ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायची. डेकवर पथारी पसरायची, रात्रभर वारा खायचा, आणि जयगडला बोट बाहेर उभी राहिली की पडावातून किनाऱ्याला लागायचं. बरोबरची माणसं ओकून आडवी व्हायची, हिला बोट कधी लागली नाही. हे सगळं मी लहानपणापासून ऐकलं होतं, म्हणून तिला समुद्राचा त्रास होणार नाही हेही मी गृहीत धरलं. ती तेव्हा उघड्या डेकवर होती आणि डोळ्यांसमोर क्षितिज होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. बोट लागते ती कानातला तोल आणि डोळे यांची फारकत झाली की. कान सांगतात, हलतंय. भिंतींकडे पाहणारे डोळे सांगतात, सगळं जागच्या जागी आहे. क्षितिज दिसलं की दोघांचं जुळतं. बंद खोलीत ते जुळायला वाव नसतो.

व्हँकुव्हरला कॅनडा प्लेस या धक्क्याच्या पांढऱ्या शिडांसारख्या छपराखालून आम्ही जहाजावर चढलो. लायन्स गेट पुलाखालून जहाज बाहेर पडलं तेव्हा आई कठड्याला धरून उभी होती आणि खुशीत होती. पहिली रात्र व्हँकुव्हर बेट आणि मुख्य भूमी यांमधल्या चिंचोळ्या पाण्यातून गेली. पहाटे जहाज क्वीन शार्लट साउंडला पोचलं. तिथे बेटाचा आडोसा संपतो आणि पॅसिफिकच्या लाटा थेट येतात. आई-बाबांची खोली जहाजाच्या पुढच्या टोकाला आली होती. झोका सगळ्यात कमी मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर जाणवतो, सगळ्यात जास्त टोकांना. बुकिंगच्या वेळी थोडे पैसे जास्त भरून मला मधली खोली निवडता आली असती. आमच्या खोलीत मुलं खिडकीला नाक लावून लाटा मोजत होती. आई त्याच वेळी बाथरूममध्ये ओकत होती. तिने फोन केला नाही. मुलं झोपली असतील, असं तिला वाटलं.

मला हे न्याहारीच्या वेळी बाबांकडून कळलं. गोळी दिली, आलं दिलं, डेकवर वाऱ्यात बसवलं. दुपारपर्यंत तिला बरं वाटलं आणि मी निर्धास्त झालो. खरी गोष्ट मला कळली जुनोच्या सकाळी. नातवाचं जाकीट त्यांच्या खोलीत राहिलं होतं, ते आणायला मी लवकर गेलो. दार आईनेच उघडलं. खोलीत बाथरूमचा दिवा चालू होता आणि दार मिटू नये म्हणून फटीत बाबांची चप्पल अडकवली होती. टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र आवाज बंद करून लावलेलं होतं. करडं पाणी, करडं आभाळ. बाबा झोपलेले. आई साडीवर स्वेटर घालून, केस विंचरून, पलंगाच्या काठावर तयार होऊन बसली होती.

‘‘उजाडलं का रे बाहेर?’’ तिने हळूच विचारलं.

जूनच्या शेवटी जुनोला सूर्य पहाटे चारच्या सुमाराला उगवतो आणि रात्री दहाला मावळतो. बाहेर उजाडून कितीतरी वेळ झाला होता. आयुष्यभर पहाटे उठून अंगण झाडणारी, तुळशीला पाणी घालणारी बाई त्या अंधारात दिव्याच्या फटीवर दिवस ओळखत बसली होती. एकटीने लिफ्टपर्यंत जायचं तर तिच्या गुडघ्यांना तो लांब बोळ झेपत नव्हता. बाबांना उठवायचं तिच्या जिवावर यायचं. म्हणून ती थांबायची. मी ‘पाठ टेकायला’ म्हणून घेतलेल्या खोलीत ती दिवसाचे कितीतरी तास काढत होती. दुपारी गुडघे दुखले की तिथेच, रात्री लवकर जेवण झालं की तिथेच.

मी म्हटलं, आई, आपण खोल्या बदलू, तुम्ही आमच्या खोलीत या. ती म्हणाली, ‘‘नको रे, उगीच सगळं सामान हलवायचं. मुलांना खिडकी लागते. आता राहिलेत किती दिवस?’’ मी आणखी एकदा विचारलं, ती पुन्हा नको म्हणाली, आणि मी विषय सोडला. बुकिंगच्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही, असं मी म्हणू शकतो. त्या सकाळी मला सगळं दिसत होतं. बॅगा उचलायला अर्धा तास लागला असता. पण आमच्या घरातल्या बाईचं पहिलं ‘नको’ हे नको नसतं, हे ठाऊक असूनही मी ते खरं धरलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. बुकिंगपेक्षा मला ही चूक मोठी वाटते.

स्कॅग्वेला व्हाइट पासच्या रेल्वेत मात्र आई खिडकीशी बसली. क्लोंडाइकच्या सोन्यामागे धावलेल्या लोकांसाठी १८९८ ते १९०० या काळात कड्यांमधून खोदलेला हा अरुंद रुळांचा मार्ग. खिंडीच्या माथ्यावर, २,८६५ फुटांवर कॅनडाची हद्द लागते. तिथवर ती एकदाही मागे टेकली नाही. धबधबा आला की बाबांचा हात ओढायची. ग्लेशियर बेमध्ये मार्जरी हिमनदीचा कडा कोसळला, त्या गडगडाटानेही ती हरखली. पण रत्नागिरीला आपल्या घरी परतल्यावर शेजारपाजारी तिने सांगितली ती रेल्वे. जहाजाचा विषय निघाला की म्हणायची, ‘‘छान होतं, पण आत फार कोंडल्यासारखं व्हायचं.’’ समुद्रावर वाढलेल्या बाईच्या मनात मी समुद्राची ही आठवण घातली.

पुन्हा एकदा नेऊ, खिडकीची खोली घेऊ, असं मी ठरवलं. २०२०मध्ये कोविडमुळे कॅनडाने आपली बंदरं क्रूझ जहाजांना बंद केली आणि सलग दोन हंगाम बुडाले. २०२२च्या एप्रिलमध्ये जहाजं परत आली. तोपर्यंत आईचे गुडघे विमानप्रवासाच्या पलीकडे गेले होते. फोनवर विषय काढला तेव्हा म्हणाली, ‘‘मला आता घरीच बरं.’’ या वेळचं नको खरं होतं.

आतल्या केबिनवर माझा राग नाही. नंतर आम्ही दोघं क्वेबेकहून हॅलिफॅक्सच्या बाजूला गेलो तेव्हा आतलीच घेतली, जहाजाच्या मध्यावरची. रात्री गाढ झोपलो, दिवसभर बाहेर राहिलो, खिडकीची आठवणही झाली नाही. पाय धड असले, मनात येईल तेव्हा बाहेर पडता येत असलं आणि अंधाराची भीती नसली, तर त्या खोलीत वाईट काहीच नाही.

म्हणून आता कुणी विचारलं की मी आधी विचारतो, खोलीत राहणार कोण आणि दिवसाचे किती तास? बहुतेक जण भाड्याचा आकडा सांगतात, मीही तोच बघत होतो. ज्यांच्यासाठी खोली घ्यायची त्यांनाच पैसे भरण्याआधी विचारा. आणि ते ‘काहीही चालेल’ म्हणाले, तर खिडकीची घ्या.