परळीच्या राखेत पांढरी साडी

परळीला जातेय म्हटल्यावर आमच्या इमारतीतल्या तिघींनी तीन कामं सांगितली. एकीला वैद्यनाथाची विभूती हवी होती, दुसरीच्या नावाने बेल वाहायचा होता आणि तिसरी म्हणाली, “बाकी काही आणू नका, पण जरा हसऱ्या होऊन या.” तिसरीचं काम सगळ्यांत अवघड होतं.

हे जाऊन अडीच वर्षं झाली होती. तुम्ही पांढरं नेसा, असं मला कुणी म्हटलं नव्हतं हो! सून तर उलट कुरकुरायची. पण मीच हळूहळू कपाट रिकामं केलं. आधी हिरव्या साड्या गेल्या, मग लाल, मग काठाला जर असलेल्या सगळ्याच. उरल्या त्या मोतिया, करड्या आणि एक ती कसलाच रंग नसलेली. त्यात एका डोहाळजेवणाला मी ओटी भरायला उठले, तर नात्यातल्याच एका बाईंनी हलकेच हात धरला आणि म्हणाल्या, “तुम्ही बसा हो, दमला असाल.” मी मुळीच दमले नव्हते. पण बसले. आणि तेव्हापासून बसलेलीच होते म्हणा ना!

आता धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं. वरमाई मी. वरमाईने काय नेसायचं? हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता, पण दुकानात जाऊन एक मोतिया रंगाची, बारीक किनारीची साडी घेऊन ठेवली होती. आमंत्रण द्यायला थोरल्या बहिणीकडे परळीला निघाले, तेव्हा ती साडी दाखवायला सोबत घेतली. आमचं माहेर लातूरचं. आक्का परळीत दिली, मी पुण्यात. ती आता चौऱ्याहत्तरची आहे, मी बासष्टची.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघालं की परळी येते ती आधी धुराड्यांच्या रूपात. औष्णिक वीज केंद्राची ती उंच धुराडी गावाच्या कितीतरी आधी दिसू लागतात. १९७१ साली इथं पहिला संच सुरू झाला. जुने संच आता बंद झाले आहेत, नव्या तीन संचांवर काम चालतं. देवाचं गाव म्हणून आपण हात जोडायच्या तयारीत असतो आणि समोर धुराडं! पण परळी आहेच अशी. एकीकडे भस्म आणि दुसरीकडे राख. कोळसा जाळून उरलेली ही राख सिमेंटला नि विटांना लागते, ट्रक भरभरून जाते आणि जाताना रस्त्यावर, झाडांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर थोडी थोडी ठेवून जाते.

आक्का दारातच उभी होती. मला पाहून पहिलं वाक्य काय, तर “अगं, हे काय ध्यान करून आलीस? परळीत पांढरं नेसून कुठं जायलीस?”

आक्काचे यजमान जाऊन वीस वर्षं झाली. तीही सुरुवातीची सात-आठ वर्षं पांढऱ्यातच होती. ती रंगांत परत कशी आली हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, काही मोठा विचारबिचार केला असेल. विचारलं तर म्हणाली, “कसला विचार! नीळ आणि साबण किती लागायचं माहितेय? सकाळी दोरीवर टाकलेलं पातळ दुपारी उंदरासारखं करडं. एक दिवस वैतागून पेटीतलं जांभळं इरकल काढलं नि नेसले. शेजारीण म्हणाली, बरं दिसतंय. बास.” आता ती कपाळाला बारकी मरून टिकली लावते, हातात दोन-दोन काचेच्या बांगड्या घालते आणि बाहेर जाताना पांढऱ्याशुभ्र केसांचा अंबाडा चापूनचोपून बांधते. चौऱ्याहत्तरीला ती काही तरुण दिसत नाही. नीटनेटकी, ताठ दिसते. रस्त्यात लोक तिला वाट देतात.

दुसऱ्या दिवशी देवाला गेलो. वैद्यनाथाचं देऊळ उंचावर आहे, दगडी पायऱ्या चढून जावं लागतं. निघण्यापूर्वी आक्काने माझी साडी सोडून पुन्हा नेसवली, साठीला आलेल्या बाईला लहान मुलीसारखी! तिचं म्हणणं असं : वय झालं की परकराची नाडी बेंबीवर आवळायची नाही, जरा खाली बांधायची आणि नाडीऐवजी रुंद पट्टी लावून घ्यायची, म्हणजे पोटाला वळ पडत नाहीत. निऱ्या पायाच्या अंगठ्यापासून दोन बोटं वर हव्यात. घोट्याखाली लोळणारी साडी पायरीवर घात करते. पदर खांद्यावर पिनेने टाचायचा, पण पीन साडीला आणि ब्लाऊजला आतून, म्हणजे रेशीम फाटत नाही आणि दोन्ही हात कठड्याला मोकळे राहतात. “पदर सावरत चालणारी बाई म्हातारी दिसते,” ती म्हणाली, “पदर टाचलेली दिसत नाही.” मी मनात हसले, पण पायऱ्या चढताना पटलं.

हे देऊळ बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानतात. झारखंडातल्या देवघरचे लोकही आपलंच वैद्यनाथ खरं म्हणतात, पण तो वाद परळीत काढू नये! गाभारा आणि सभामंडप एकाच पातळीवर असल्याने मंडपात उभं राहूनही देव दिसतो, आणि जवळ जाऊन पिंडीला हात लावून दर्शन घेण्याची इथली प्रथा आहे. कथा अशी सांगतात की समुद्रमंथनातलं अमृत आणि धन्वंतरी या लिंगात लपवून ठेवले, म्हणून हा वैद्यांचा नाथ. ज्याच्यात अमृत आहे त्याच्यापुढे रांगेत निम्म्याहून अधिक गुडघेदुखीची माणसं उभी होती. मीही त्यांतलीच.

रांगेत आमच्यापुढे एक म्हातारी होती. नऊवारी, हिरवट लुगडं, खांद्यावर नातू. बीड जिल्ह्यातून दसऱ्यानंतर माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. तिथं बायका साडीवर पुरुषी शर्ट चढवून ऊस तोडतात, पाचटाने हात कापू नयेत म्हणून. हिचीही उमर त्यातच गेलेली. तिच्या कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर हिरवं गोंदण होतं. आक्काने विचारलं, मालक आहेत का? “न्हाईत की. लई वर्सं झाली,” ती म्हणाली आणि कपाळाला बोट लावून हसली, “पर हे कुटं जातंय? गोंदलेलं हाय.” कुंकू पुसता येतं, बांगडी फोडता येते, गोंदणाचं मात्र कुणाला काही करता येत नाही. मैत्रिणींनो, त्या गर्दीत मी एवढीच गोष्ट धरून बसले. देवाला काय मागितलं ते आठवत नाही.

या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात त्यांचे पती गेले, तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. चित्रांत आपण त्यांना नेहमी पांढऱ्या वस्त्रात, हातात पिंडी घेतलेल्या पाहतो. पण याच बाईंनी महेश्वरला विणकर आणून वसवले आणि त्यांच्या मागांवरून उतरली ती महेश्वरी साडी, सुताची नि रेशमाची, दोन्ही बाजूंनी नेसता येणाऱ्या काठाची. स्वतः रंग टाकलेल्या बाईने दुसऱ्यांच्या अंगावर एवढे रंग घातले! मला तर यात त्यांचा सोशिकपणाच दिसला. आक्काला वेगळंच दिसलं. “त्यांना राज्य करायचं होतं, लोकांची तोंडं बंद ठेवायची होती. तुला कोणतं राज्य करायचंय?” यावर काय बोलणार!

दुपारी बाजारात गेलो. कापडाच्या दुकानात आक्का आधी साडी बघतच नाही, आरसा कुठे आहे ते बघते. दिव्याखाली नव्हे, दाराच्या उजेडात. साडी खांद्यावर टाकायची आणि साडीकडे न बघता चेहऱ्याकडे बघायचं. मी माझी मोतिया साडी पिशवीतून काढली आणि तसं केलं. काय सांगू, कावीळ झालेली बाई! केस पांढरे, कातडी फिकट आणि वर साडीही फिकट. सगळं एकात एक मिसळून गेलं होतं. मग दुकानदाराने गर्द डाळिंबी इरकल टाकलं. चेहरा कुठे सुरू होतो नि कुठे संपतो ते तरी कळलं.

इरकल म्हणजे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावची साडी, पण मराठवाड्याच्या बायांनी ती कधीच आपली केली आहे. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळा घेऊन तो फासांनी जोडतात. नीट पाहिलं तर सांधा हाताला लागतो. अंग सुती असलं तर उन्हाळ्यात सोसतं, अंगासरशी बसतं, कांजीवरमसारखं फुगत नाही. आपल्या वयाला भरजरी साड्यांचं ओझं पेलत नाही, आणि पेलायचं तरी कशाला? एकच सूचना : पहिल्या दोन धुण्यांना ती वेगळीच धुवावी, लाल पदराचा रंग उतरतो. मिठाच्या गार पाण्यात बुडवून घेण्याची जुनी रीत आहे; पण रंगच कच्चा असेल तर मीठ तरी काय करणार, म्हणून आधी कोपरा भिजवून पाहावा.

साडी बांधून घेतली, पण आक्काचं समाधान झालं नाही. ती मला तिच्या शिंपीणबाईकडे घेऊन गेली. मी मापाचा ब्लाऊज पुढे केला, दहा वर्षांपूर्वीचा. बाईंनी तो बाजूला ठेवला आणि टेप काढली. त्यांनी सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. वय वाढतं तशी पाठ थोडी वाकते, म्हणजे पाठीची उंची वाढते आणि पुढची कमी होते. जुन्या मापाचा ब्लाऊज म्हणून मागून वर चढतो नि पुढे चुणतो, आणि आपण समजतो आपलं अंगच बेढब झालं. दंड सैल होतात, तर बाही दंडाच्या मध्यावर न संपवता कोपरापर्यंत आणावी. आणि हुका पुढे, खांदेदुखीच्या बाईला मागचे हूक लावता येत नाहीत. मी विचारात पडले. इतकी वर्षं आरशासमोर स्वतःला नावं ठेवत होते, आणि दोष त्या मापाचा!

कानांचंही असंच. जड कुड्या घालून माझी भोकं ओघळली आहेत. तिथल्या सोनाराने कुडीला केसांत अडकवायची साखळी सुचवली. फारच ओघळली तर डॉक्टर टाके घालून भोक बुजवतात आणि नंतर कान पुन्हा टोचता येतो. केस रंगवायचे की नाही यावर आम्हा बहिणींचं भांडण झालं. मी रंगवते. ती म्हणते, रंगव, पण आधी कानामागे थेंब लावून दोन दिवस थांब, खाज सुटली तर बाटली फेकून दे. आणि हातावर काढायच्या त्या ‘काळ्या मेंदी’ला हातही लावू नकोस. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी अंबाजोगाईला गेलो, पंचवीसेक किलोमीटरवर. तिथं दासोपंतांची समाधी आहे. सोळाव्या शतकात त्यांनी ‘पंचीकरण’ लांबच लांब कापडावर लिहून काढलं, तीच त्यांची प्रसिद्ध पासोडी. पण आमचं काम योगेश्वरीपाशी होतं. लोककथा अशी की योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैद्यनाथाशी ठरलं होतं. वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला. देवी परळीला पोचलीच नाही, अंब्यातच राहिली, कुमारिका. हत्तीखान्यातले दगडी हत्ती म्हणजे तिचंच वऱ्हाड, असं सांगतात. गाभाऱ्यात देवी साडीचोळी नेसून, दागिने घालून, मळवट भरून बसलेली. आक्का माझ्या कानाशी म्हणाली, “हिला ना नवरा, ना सासर. कुणासाठी नटते गं रोज?” मागच्या बाईने ‘पुढे सरका’ म्हटलं, म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी तिला हेरवाडचं सांगितलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून इतर गावांनी त्यांचा कित्ता गिरवावा असं सुचवलं. आक्का ऐकून घेत म्हणाली, “चांगलं केलं. पण ठरावाने कुंकू पुसायचं थांबेल, तुला ‘बसा हो’ म्हणणारी थांबणार नाही. तिला तूच सांगायचं, दमले नाही म्हणून.” डोहाळजेवणाची गोष्ट मी तिला कधी सांगितली होती? सुनेने फोनवर सांगितली असणार.

लग्न मार्गशीर्षात झालं. डाळिंबी इरकल नेसले, हातात काचेच्या बांगड्या भरल्या. हळदीच्या वेळी मुलाला हळद लावायला मीच पुढे झाले. हात थरथरत होता, थोडी हळद साडीवर सांडली. ‘बसा हो’ म्हणणाऱ्या बाई समोरच्या रांगेत होत्या. जेवणाच्या वेळी त्या जवळ आल्या, मी उत्तर तयार ठेवलं होतं, पण त्यांनी माझ्या बाहीला हात लावून हळूच विचारलं, “ब्लाऊज कुठे शिवला हो? माझा पाठीवर फार चढतो.”

फोटो आले आहेत. माझाही पाठीवर जरा चुणलाय, नाही असं नाही. शिंपीणबाईंना कळवायला हवं. हळदीचा डाग मात्र निघाला नाही, दोनदा उन्हात टाकून पाहिलं.