अ‍ॅम्स्टरडॅमचें वजनघर

सन २०२५ च्या जून व जुलै या दोन महिन्यांत मी हॉलंडांत होतों. चिरंजीव नोकरीनिमित्त सहकुटुंब अ‍ॅम्स्टेल्फेन येथें राहतात. हें गांव अ‍ॅम्स्टरडॅमला अगदीं लागून आहे, आणि तेथें आपल्या लोकांची वस्ती एवढी आहे कीं, सायंकाळीं फिरावयास निघालें असतां एखादें तरी मराठी वाक्य कानीं पडतेंच. निघतांना वाईहून भाजणी, मेतकूट, नातीसाठीं चिरोटे असा नेहमींचा सरंजाम घेतला होता. आणि त्याच पिशवींत, पंचाच्या घडींत गुंडाळून, एक बंद पडलेला मोबाइलहि घेतला होता.

त्या मोबाइलची हकीकत सांगितल्यावांचून पुढील मजकूर वाचकांस नीट उमगणार नाहीं. आमच्या मातुःश्री एकोणनव्वदाव्या वर्षीं गेल्या. जात्यावरच्या ओव्या, भूपाळ्या, मंगळागौरीचीं गाणीं असें पुष्कळ त्यांना मुखोद्गत होतें. त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यांत पुतणीनें माझा मोबाइल त्यांच्यापुढें ठेवून सुमारें दोन तासांचें गाणें त्यांत सांठवून ठेवलें. मीं तें वहींत उतरून काढावें असें ठरलें. जन्मभर मुलांच्या वह्या वेळच्या वेळीं तपासणाऱ्या मास्तरानें हें एक काम मात्र आज करूं उद्यां करूं म्हणत वर्षभर टाळलें. आणि एके दिवशीं तो मोबाइल चार्ज होईनासा झाला. एका दुकानदारानें सांगितलें, "मास्तर, पांच वर्षें झालीं, आतां नवा घ्या." दुसरा म्हणाला, "आंतला बोर्डच बदलावा लागेल, मग जुनें कांहीं राहणार नाहीं." नक्कल करून ठेविली नव्हती, हा दोष सर्वस्वीं माझा. परंतु एक सांधा निकामी झाला असतां सारें शरीरच टाकून द्यावें लागावें, असें यंत्र मुळांत केलेंच कां, हा प्रश्न तेव्हांपासून मनांत रुतून बसला होता.

पहिल्याच रात्रीं जेवतांना ही गोष्ट निघाली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, त्याचा नाद सोडा. तुम्हांला इथला फेअरफोन घेऊन देतों, हिच्याकडे आहे तसा." सूनबाईंनीं आपला मोबाइल पुढें केला. दिसावयास तो चारचौघांसारखाच. नातीनें मात्र तो माझ्या हातून घेतला, नखानें पाठीचें झांकण उचकटलें, आंतली बॅटरी काढून ताटाशेजारीं ठेविली आणि पुन्हां जागच्या जागीं बसविली. वय वर्षें नऊ! पडदा, कॅमेरे, आवाजाचा कर्णा, चार्जिंगची खोबण हे सारे भाग लहानशा स्क्रू-ड्रायव्हरनें सुटतात आणि प्रत्येक भाग निराळा विकत मिळतो, असें सूनबाईंनीं सांगितलें. मीं किंमत विचारली. त्यांचा पांचवा नमुना २०२३ च्या ऑगस्टमध्यें निघाला, तो ६९९ युरोंचा. जूनच्या अखेरीस सहावा नमुना निघाला, तो ५९९ युरोंचा. म्हणजे आपल्या साठ हजार रुपयांच्या घरांतला. वाईच्या बाजारांत पंधरा हजारांत घरोपयोगी मोबाइल मिळतो. मीं म्हटलें, "घ्यावयाचा कीं नाहीं तें मागाहून ठरवूं. आधीं ही वस्तु जेथें जन्मली तें घर तरी दाखव."

तें घर पाहावयास आम्ही एका रविवारीं निघालों. ट्राम आणि पुढें भुयारी रेल्वे अशी मजल करून न्यूमार्क्ट स्थानकांत उतरलों. या स्थानकालाच एक इतिहास आहे. ही रेल्वे नेण्यासाठीं येथील जुनीं घरें पाडावयाचें ठरलें, तेव्हां १९७५ सालीं रहिवाशांनीं निकराचा विरोध केला. रेल्वे झाली, परंतु तिच्यावरून जो मोठा मोटाररस्ता जावयाचा होता तो रद्द झाला, आणि पेठेचा पुष्कळसा भाग न पाडतां दुरुस्त करण्यांत आला. स्थानकाच्या भिंतींवर त्या झगड्याच्या खुणा मुद्दाम जपल्या आहेत. जें मोडकळीस आलें तें पाडावें कीं सावरावें, हा वाद या जागेला नवा नाहीं, असें जिना चढतांनाच मनांत आलें.

वर आलों तों चौकाच्या मध्यभागीं एक जुनाट, तांबड्या विटांची, टोंकदार बुरुजांची इमारत उभी. हिचें नांव वाख, म्हणजे वजनघर. १४८८ सालीं ही शहराच्या तटाची वेस होती. पुढें शहर वाढलें, तट गेला, वेस निरुपयोगी झाली. परंतु व्यापारी डच लोकांनीं ती पाडली नाहीं. १६१७ सालीं तिलाच वजनघर केलें. जहाजांचे नांगर, तोफा असा जड माल येथें तोलला जाई. वरच्या मजल्यावर निरनिराळ्या धंद्यांच्या संघांच्या कचेऱ्या असत. त्यांत शस्त्रवैद्यांचाहि संघ होता. रेम्ब्रांटनें १६३२ सालीं काढलेलें शवविच्छेदनाचें सुप्रसिद्ध चित्र याच संघासाठीं काढलेलें आहे. शरीर उघडून पाहिल्यावांचून तें बरें करतां येत नाहीं, हा धडा ज्या घरांत दिला गेला त्याच घरांत, सुमारें चार शतकांनंतर, यंत्र उघडून पाहतां आलें पाहिजे, असा आग्रह धरणारी मंडळी बसलेली होती.

तो प्रकार असा. वजनघरांत 'वाख' याच नांवाची, समाज आणि यंत्रविद्या यांचा विचार करणारी एक संस्था आहे. मोबाइलांत लागणारीं खनिजें कोठून येतात हें लोकांस कळावें म्हणून २०१० सालीं इतर दोन संस्थांसह तिनें एक मोहीम काढली. मोबाइलच्या पोटांत कथील, टँटॅलम, टंग्स्टन, सोनें, कोबाल्ट अशीं अनेक द्रव्यें असतात. जगांतील निम्म्याहून अधिक कोबाल्ट एकट्या कांगो देशांतून निघतो. तेथें हातानें खणल्या जाणाऱ्या खाणींत लहान मुलें राबतात, आणि कथील-टँटॅलमच्या व्यापारावर सशस्त्र टोळ्या पोसल्या गेल्या, हें आतां सर्वश्रुत आहे. केवळ ओरड करून भागत नाहीं, स्वतः वस्तु करून दाखविली पाहिजे, असें बास फान आबेल प्रभृति मंडळींस वाटलें, आणि २०१३ च्या आरंभीं मोहिमेची कंपनी झाली. वस्तु तयार होण्यापूर्वींच हजारों लोकांनीं पैसे भरले. पहिला मोबाइल त्या वर्षाच्या डिसेंबरांत लोकांच्या हातीं पडला.

चौकांतून निघून पांच मिनिटें चालल्यावर चिरंजीवांनीं आणखी एक वास्तु दाखविली. १६०२ सालीं स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचें हें मुख्य ठाणें. आज तेथें विद्यापीठाचे वर्ग भरतात. वेंगुर्ल्यास डच वखारीचे पडके अवशेष मीं पाहिलेले आहेत; त्या वखारीचा हिशेब शेवटीं याच घरीं येत असला पाहिजे. तेव्हां दूरच्या देशांतील माल येथें तोलला जाई. तो माल काढणाऱ्याचे कष्ट तोलण्याची रीत नव्हती. परंतु स्वतःच्या पापाचा झाडा घेण्याची परंपराहि याच देशांत आहे. जाव्हांतील रयतेवरील जुलूम उघड करणारी 'मॅक्स हाव्हेलार' ही कादंबरी १८६० सालीं येथें निघाली, आणि तिचेंच नांव घेऊन १९८८ सालीं न्याय्य भावाच्या कॉफीवर पहिली खूण येथेंच उमटली. फेअरफोन हें त्याच परंपरेचें धाकटें अपत्य होय.

आतां माझ्या मोबाइलकडे वळतों. मोडक्या वस्तु दुरुस्त करण्याचे 'रिपेअर कॅफे' म्हणून मेळावे भरतात. त्यांचाहि उगम अ‍ॅम्स्टरडॅमचाच. मार्टिन पोस्टमा नांवाच्या बाईंनीं २००९ च्या ऑक्टोबरांत पहिला मेळावा भरविला, आणि आज जगभर असे हजारों चालतात. चिरंजीवांच्या घराजवळ महिन्यांतून एकदां एका सभागृहांत तो भरे. तेथें गेलों, तों मला आपल्या गांवचा जुना बाजारच आठवला. एका टेबलाशीं शिवणयंत्र, दुसऱ्याशीं इस्त्री, तिसऱ्याशीं सायकल. कडेला चहा आणि केक. काम करणारे बहुतेक पेन्शनर. नियम एकच : वस्तु ठेवून जावयाचें नाहीं, शेजारीं बसून पाहावयाचें.

माझ्या वांट्यास आलेले गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, टेलिफोन खात्यांत नोकरी केलेले. त्यांना इंग्रजी येत होतें, मलाहि कामापुरतें येतें. त्यांनीं मोबाइलची पाठ गरम हवेनें ऊन केली, पातळ पाती फिरवून गोंद सोडविला आणि सुमारें पाऊण तासानें तें झांकण निघालें. आंत पाहून हंसले. चार्जिंगची खोबण मुख्य बोर्डावर नव्हतीच; ती खालच्या बाजूस एका निराळ्या चिमुकल्या पट्टीवर होती. एवढी पट्टी बदलली कीं झालें! परंतु ती पट्टी हॉलंडांतहि दुकानांत नव्हती. ती मागवावी लागली. पुढच्या महिन्याच्या मेळाव्यांत तिची जोडणी झाली, तार लावली, आणि पडद्यावर लहानशी हिरवी खूण उमटली. नातीनें तेथेंच ध्वनिमुद्रण लावलें. त्या परक्या सभागृहांत, इस्त्र्या आणि सायकलींच्या मध्यें, मातुःश्रींचा खोल गेलेला आवाज ऐकूं आला. ते गृहस्थ हातांतला स्क्रू-ड्रायव्हर खालीं ठेवून, एक शब्दहि कळत नसतां, पहिली ओवी संपेपर्यंत स्वस्थ बसले. मीं पैसे विचारले. त्यांनीं दाराशीं ठेवलेल्या डब्याकडे बोट दाखविलें.

त्या रात्रीं घरीं तराजू हातीं घेतला. न्याय्य रीतीनें केलेला आणि दुरुस्त होणारा मोबाइल विकत घेण्याजोगा आहे काय?

एका पारड्यांत गुण घालूं. सहाव्या नमुन्याला पांच वर्षांची हमी आहे, आणि आंतली प्रणाली २०३३ पर्यंत अद्ययावत ठेवण्याचें वचन आहे. तीन-चार वर्षांनीं वस्तु टाकणाऱ्यानें दोन घेतल्या, तर जवळजवळ तेवढेच पैसे जातात. मोबाइल वापरतांना जी वीज लागते तिच्याहून तो घडवितांना होणारी हानि कितीतरी मोठी असते. म्हणून आयुष्य दुप्पट झालें म्हणजे हानि जवळजवळ निम्म्यावर येते. २०२२ या एका वर्षांत जगांत ६ कोटी २० लाख टन विद्युत्-कचरा झाला आणि त्याचा चौथा हिस्साहि रीतसर गोळा झाला नाहीं, हें लक्षांत घेतां हा लाभ लहान नव्हे. शिवाय कारखान्यांतील कामगारांना निर्वाहवेतनाच्या जवळ नेण्यासाठीं ही कंपनी वरकड रक्कम देते.

दुसरें पारडेंहि रिकामें नाहीं. पहिल्या नमुन्याचे सुटे भाग २०१७ सालींच, म्हणजे साडेतीन वर्षांत, संपले. त्याचा सांचा दुसऱ्याचा होता आणि भाग करून घेणें कंपनीच्या हातीं नव्हतें. वचन मोठें आणि हात तोकडा, अशी ती स्थिति होती. दुसऱ्या नमुन्यानें मात्र, जो २०१५ च्या डिसेंबरांत निघाला, २०२३ पर्यंत तग धरून ती चूक भरून काढली. त्याच किंमतींत अधिक चांगला कॅमेरा आणि अधिक वेग दुसरीकडे मिळतो. जोडणी चीनमध्येंच होते. सारींच खनिजें निर्दोष नाहींत, आणि पूर्णपणें न्याय्य असा मोबाइल अद्याप जगांत नाहीं. आपल्याकरितां सर्वांत मोठी अडचण म्हणजे ही कंपनी आपला माल मुख्यतः युरोपांत विकते. भारतांत तिचें दुकान नाहीं. वाईंत फेअरफोन बिघडला तर त्याचा भाग आणावयाचा कोठून? दुरुस्त होण्याचा गुण वस्तूंत असून भागत नाहीं. तो भोंवतालच्या गांवांतहि असावा लागतो.

म्हणून माझा निर्णय असा : हॉलंडांत राहणाऱ्या चिरंजीवांनीं तो जरूर घ्यावा, वाईच्या मास्तरानें घेऊं नये. आपल्यासाठीं सर्वांत न्याय्य मोबाइल तोच, जो आपल्या हातांत आधींच आहे. तथापि ज्यांनीं हा खटाटोप केला त्यांचें ऋण आपणांवर आहे. दुरुस्ती अशक्य आहे असें मोठे कारखानदार सांगत असतां, ती शक्य आहे हें या लहान कंपनीनें करून दाखविलें. २०२५ च्या जूनच्या २० तारखेपासून युरोपांत असा नियम लागू झाला आहे कीं, मोबाइलची विक्री थांबल्यावर सात वर्षेंपर्यंत त्याचे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्या केंद्र सरकारनेंहि २०२२ च्या डिसेंबरांत दुरुस्तीच्या हक्काचें संकेतस्थळ उघडलें आहे. परंतु युरोपासारखा बांधील नियम होईल तेव्हां त्याचें खरें चीज होईल.

परत आल्यावर मी त्या दुसऱ्या दुकानदाराकडे मुद्दाम गेलों. त्याला ती मोडकी पट्टी दाखविली. पोरगा हुशार, त्यानें ती उजेडांत धरून पाहिली. म्हणाला, "मास्तर, हें मलाहि जमलें असतें. पण पार्टच मिळत नाहीं. मग गिऱ्हाइकाला बोर्ड गेला म्हणून सांगून मोकळें व्हायचें." त्याचा राग येण्याऐवजीं मला वाईट वाटलें. हातांत विद्या आहे, आणि साहित्यावांचून ती खोटें बोलावयास लावते. आमच्या घरच्या पितळी भांड्यांना कल्हई लावणाऱ्यावर ही पाळी कधीं आली नव्हती.

ध्वनिमुद्रणाच्या आतां तीन नकला केल्या आहेत. रोज सकाळीं स्नानसंध्येनंतर एक तास वही घेऊन बसतों. आजवर एकशें बारा ओव्या उतरल्या. चार शब्द अडले आहेत. ते धाकट्या मावशींना विचारावयाचे आहेत. त्यांचें वय चौऱ्याऐंशी आहे, म्हणून या कामास मीं येत्या रविवारचाच मुहूर्त धरला आहे.