‘जो’ला ‘तो’ लागतोच

दिघी, गुरुवार रात्र

चाकणला पहिल्या पाळीला जाणारा शेजारचा मुलगा संध्याकाळी इंग्रजीची वही घेऊन येतो. आज त्याने लिहिलं, ‘व्हिच मशीन स्टॉप्ड, दॅट मशीन इज ओल्ड.’ याला नुसती चूक म्हणायला माझं मन तयार होईना. जे मशीन बंद पडलं, ते मशीन जुनं आहे: त्याने मराठीचा नियम इमानाने पाळला. आपल्या ‘जो’ला ‘तो’ लागतो. संस्कृतातल्या यद्-तद्‌पासूनची ही जोडी. इंग्रजीत नाम आधी, मग ‘दॅट स्टॉप्ड’, आणि ‘तो’ला जागाच नाही.

इंग्रजी शिकताना स्पॅनिश बोलणाऱ्यांना ही अडचण नाही. त्यांचंही नाम आधीच येतं. पण ‘जो’च्या जागी येणारा त्यांचा ‘के’ माणसाला आणि वस्तूला सारखाच चालतो, म्हणून ते ‘द मॅन व्हिच’ म्हणून जातात. शिवाय हा ‘के’ गाळता येत नाही. ‘द बुक आय बॉट’ त्यांना अपुरं वाटणारच.

शेजारच्या या मुलाचं घोडं अडतं ते ‘इन’पाशी. ‘ज्या खोलीत’ म्हणताना ‘त’ खोलीलाच चिकटलेला असतो. त्यामुळे ‘द रूम आय लिव्ह’ म्हणून तो थांबतो. शाळेत इंग्रजीच्या तासाला आधी मराठीचं मिश्र वाक्य फळ्यावर मांडायला हवं, असं मला फार वाटतं.

उद्या त्याला इंग्रजीत करायला ‘काल आलेला माणूस’ देणार आहे. तिथे ‘जो’ नाही, ‘तो’ नाही, आणि सगळं नामाच्या आधी.